तरणा-म्हातारा पाऊस बघून मग सही करा : नियोजन प्राधिकरणाला खुले पत्र

मा. अध्यक्ष, मा. आयुक्त आणि नियोजन प्राधिकरणाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

बेळगाव शहराच्या दक्षिणेला, पुढे बळ्ळारी नाल्याला मिळणाऱ्या आमच्या ओढ्याच्या काठी ४२ एकरांचा रहिवासी लेआऊट करण्याचा प्रस्ताव आपल्यापुढे आहे. मास्टर प्लॅनमध्ये ही जमीन शेतीची, हिरव्या पट्ट्यातली. तिचा वापर बदलून ती निवासी करावी आणि तिथं सहाशेवर प्लॉट पाडायला परवानगी द्यावी, असा तो अर्ज. हरकती मागवून झाल्या, सुनावणी झाली, आता पुढच्या बैठकीत विषय मंजुरीला येणार असं कानावर आलं. माझी लेखी हरकत आपल्या दप्तरात आहे. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून यावेळी चार लोकांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आधी माझा यात काय संबंध ते सांगते. त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला आमचं १ एकर १४ गुंठे भाताचं रान आहे. आरटीसीवर, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यावर, माझं आणि दिरांचं नाव. पावसाळ्यात भात होतं, त्यात थोडं बासमती घरच्यापुरतं आणि बाकी इंद्रायणी. भात कापलं की जमिनीच्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा येतो. त्याला वरून पाणी द्यावं लागत नाही, हीच या काळ्या रानाची श्रीमंती. आमचं घर गावाच्या उताराकडच्या शेवटच्या गल्लीत. वरच्या शिवारात कुणी काही केलं की त्याचं पाणी आमच्या दाराशी येतं. तेव्हा ही हरकत कुणी शिकवून पाठवलेल्या बाईची नाही.

दुसरं, घरं नकोत असं माझं म्हणणं नाही. शहर वाढतंय. माझा पुतण्या लग्नानंतर दोन खोल्यांत भाड्यानं राहतो आणि रविवारी प्लॉट बघत फिरतो. सैन्यातून निवृत्त होऊन आलेले, पुण्यात नोकरी करून म्हातारपणी गावाकडं यायचं ठरवलेले, शाळेतले मास्तर, सगळ्यांना डोक्यावर छप्पर हवं आहे. ते कुठं बांधायचं, हे ठरवायलाच आपलं प्राधिकरण आहे. माझी तक्रार एवढीच, की ते ठरवताना आपण जमीन बघितली ती कागदावर, आणि तो कागदही उन्हाळ्यातला.

लेआऊटचा नकाशा मी पाहिला. क्लार्कनी टेबलावर पसरून, चारी कोपऱ्यांवर फायली ठेवून दाखवला, त्याबद्दल त्यांचे आभार. त्यावर आमचा ओढा म्हणजे दोन समांतर निळ्या रेषा, शेजारी रुंदी लिहिलेली ३ मीटर. खाली मोजणीची तारीख मार्चची. मार्चमध्ये आमच्या ओढ्यात म्हैस बसेल एवढंही पाणी नसतं. मसूर निघालेला असतो, रान भेगाळलेलं असतं आणि पोरं ओढ्याच्या पात्रात क्रिकेट खेळतात. तिथं टेप धरला तर ३ मीटरच भरणार. जुलैत हाच ओढा दोन्ही काठ सोडून रानात शिरतो आणि बांध कुठला, ओढा कुठला, हे फक्त ज्याचं त्याला कळतं.

किती शिरतो याचा पुरावा आमच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, आश्लेषाच्या पावसात जो पूर आला, त्याच्या गाळाचा पट्टा आतल्या भिंतीवर अजून दिसतो, खिडकीच्या चौकटीच्या वर एक वीत. या खोलीचा चौथरा रानापेक्षा दोन फूट उंच बांधलेला आहे, हेही लक्षात घ्या. २०२१ च्या जुलैत पाणी खिडकीच्या खाली थांबलं. स्टार्टरची पेटी आम्ही आता आढ्याच्या लाकडाजवळ टांगली आहे, मोटार चालू करायला स्टुलावर चढावं लागतं. आपल्या नकाशात या खोलीच्या बरोबर समोर, ओढ्याच्या पलीकडे, प्लॉटना नंबर पडलेत.

आता थोडा हिशेब. मी काही इंजिनीअर नव्हे, पण हा हिशेब आठवीतली पोरगीसुद्धा करेल. ४२ एकर म्हणजे साधारण १ लाख ७० हजार चौरस मीटर. बेळगावात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टात कोसळतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, आणि असे दिवस इथं येतात, तर या ४२ एकरांवर १ कोटी ७० लाख लिटर पाणी पडतं. आज ते कुठं जातं? भाताच्या खाचरात उभं राहतं. वीतभर उंच बांध घातलेलं प्रत्येक खाचर तेवढा पाऊस पोटात ठेवतं, बांधाला पाडलेल्या वाटेनं हळूहळू खाली सोडतं आणि बाकीचं जमिनीत मुरवतं. सरकारनं एवढं पाणी अडवायला तळं खोदलं असतं तर टेंडर निघालं असतं. आमच्या शिवारात ते काम शेतकरी दरवर्षी फुकट करतो, आणि प्रस्तावात या गोष्टीचा एका ओळीनंही उल्लेख नाही.

तिथं काँक्रीटचे रस्ते, पेव्हर आणि गच्च्या झाल्या की तेच पाणी दिवसभरात यायचं ते तासा-दोन तासांत ओढ्याला येणार. ओढ्यावर गावाच्या रस्त्याला जो मोरीचा पूल आहे त्याला दोन सिमेंटच्या नळ्या आहेत. त्यातली एक गाळानं आणि जलपर्णीनं अर्धी बुजली आहे. लेआऊटवाल्यांनी गटारांची रुंदी, खोली, उतार सगळं छान रंगवून दाखवलंय, पण ती गटारं ज्या नळ्यांतून पुढं जायची, त्या नकाशाच्या हद्दीबाहेर पडतात. हद्दीबाहेर काय होतं ते बघायला अर्जदार बांधील नसेल. आपण आहात.

याच्यावर कडी म्हणजे भराव. टिपणात लिहिलंय, की ओढ्यालगतची १२ एकर सरासरी दीड मीटर भरून उंच करणार, म्हणजे प्लॉटमध्ये पाणी येणार नाही. बरोबर आहे, त्यांच्यात येणार नाही. आजवर जे पाणी त्या १२ एकरांत पसरत होतं ते आता समोरच्या काठावर पसरणार, आणि समोरचा काठ आमचा. शिवाय १२ एकर दीड मीटर भरायला ७० हजार घनमीटरच्या वर मुरूम लागतो. टिपरला दहा घनमीटर धरले तर सात हजार खेपा. हा मुरूम कुठल्या डोंगराचा, आणि टिपर कुठल्या रस्त्यानं जाणार? गावात शिरायला वेशीचा एकच रस्ता आहे, त्यावर प्राथमिक शाळा आहे आणि समोरासमोर दोन ट्रॅक्टर आले तर एकाला मागं घ्यावं लागतं. यातलं काहीच फाईलमध्ये नाही.

बळ्ळारी नाल्याची दशा आपल्याला मी सांगायला नको. शहराचं सांडपाणी त्यातून वाहतं, गाळ साचतो, जलपर्णी माजते आणि दर पावसाळ्यात शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात पाणी तुंबून भात कुजतं. दुबार पेरणी करायची, तीही कुजली तर गप्प बसायचं. नाला साफ करा म्हणून शेतकऱ्यांनी आजवर किती निवेदनं दिली त्याची बाडं कचेऱ्यांतून असतील. हलगा-मच्छे बायपासमध्ये याच पट्ट्यातली पिकाऊ जमीन गेली, त्यासाठी शेतकरी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. अशा नाल्याला आणखी एक लेआऊट जोडताना निदान नाल्याची आजची ताकद किती, हे मोजलं असेल असं मला वाटलं होतं. मोजलेलं नाही. सगळं पाणी ‘लगतच्या नैसर्गिक नाल्यात’ सोडण्यात येईल, एवढ्यावर भागवलंय.

सांडपाण्याचंही तेच. सहाशे वीस प्लॉट, घरटी पाच माणसं, म्हणजे तीन हजार शंभर लोक. माणशी रोज १३५ लिटर पाणी हा शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड. रोजचे झाले ४ लाख १८ हजार लिटर, आणि त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी धरलं तर सव्वातीन लाखांच्या वर. ते शुद्ध करायला एसटीपी दाखवलाय. कुठं? लेआऊटच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात, ओढ्याला खेटून. २०१९ मध्ये त्या जागेवर माणूस बुडेल एवढं पाणी होतं. पुरात एसटीपीच पाण्याखाली गेला तर आत काय आणि बाहेर काय, सगळं एकच. आणि प्लॉट विकले गेले तरी घरं एका वर्षात होत नाहीत. पहिली दहा-पंधरा घरं उभी राहतील तेव्हा तो प्लांट चालवायचा कुणी आणि त्याचं वीजबिल भरायचं कुणी, याचं उत्तर अर्जात नाही. तोवर पाईप कुठं निघणार ते आम्हाला न सांगताही कळतं. आमच्या मसुरात.

पिण्याच्या पाण्याला चार बोअरवेल दाखवल्यात आणि पुढं ‘भविष्यात शहराच्या योजनेतून’ असं म्हटलंय. शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं आणि उन्हाळ्यात तिथल्याच गल्ल्यांना नळाची वाट बघावी लागते. चार बोअर मारल्या की शिवारातल्या उघड्या विहिरींचं काय होईल, याची पाहणी भूजल खात्याकडून करून घेतली का? हा माझा प्रश्न सुनावणीच्या कागदात आलेलाच नाही.

सुनावणीबद्दल आता सांगते, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचा आहे.

हरकतीची जाहिरात एका कन्नड आणि एका इंग्रजी दैनिकात आली. गावच्या चावडीवर नाही, पंचायतीच्या बोर्डावर नाही. आमच्या गावात घरोघरी मराठी पेपर येतो. कन्नड आम्हाला येतं, बँक, बाजार, बस सगळं त्याच भाषेत चालतं, आणि कुणाशी भाषेवरून भांडायची मला हौस नाही. पण ज्या जाहिरातीवर पंधरा दिवसांत हरकत द्यायची आहे ती लोक वाचतात त्या पेपरात नको का? भारताच्या घटनेचा अनुच्छेद ३५० म्हणतो, की माणसाला आपलं गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. गाऱ्हाणं मराठीत मांडायचा हक्क आहे आणि गाऱ्हाण्याचं कारणच मराठीत कळवलं जात नाही, असा हा प्रकार. आमच्या बांधाला बांध लागून कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्यांची रानं आहेत. त्यांनाही जाहिरातीचा पत्ता नव्हता. त्यांना आणि आम्हाला ती एकाच दिवशी कळली, एका प्लॉट एजंटाच्या तोंडून, आणि तोपर्यंत निम्मी मुदत गेली होती.

मग फाईलची नक्कल मागितली. ‘अक्का, आरटीआय घाला,’ असं सांगण्यात आलं. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात उत्तर द्यायला ३० दिवस असतात. हरकतीला दिवस पंधरा. म्हणजे हरकत घेऊन मोकळं व्हायचं आणि ती कशावर घेतली ते नंतर वाचायचं. शेवटी नकाशा बघून जे डोळ्यांत राहिलं, ते घरी येऊन वहीत उतरवलं आणि त्यावर हरकत लिहिली.

सुनावणी ठेवली ती मिरगाच्या पेरणीच्या आठवड्यात, सकाळी अकरा वाजता, शहरात. पेरणीचा कूर हातातला टाकून कोण येणार? तरी बरीच माणसं आली. खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हातारी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. मी पाण्यावर बोलले, मोटारीच्या खोलीतल्या पट्ट्याचे फोटो दिले. शेजारचे एक काका भरावावर बोलले. एका पोरानं एसटीपीच्या जागेचा प्रश्न काढला. प्रोसिडिंगमध्ये या सगळ्याची जी नोंद झाली ती अशी : ‘हरकतदारांनी विकासकामास विरोध दर्शविला.’ साहेब, एकानंही विकासाचं नाव काढलं नव्हतं. आम्ही पाणी म्हणालो होतो. फोटो प्रोसिडिंगला जोडलेले नाहीत.

गावाच्या संमतीचं तर बोलूच नये. ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र फाईलला लावलंय. ते ज्या बैठकीत झालं तिच्या अजेंड्यावर हा विषयच नव्हता, तो ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून आला आणि चहा येईपर्यंत मंजूरही झाला. ग्रामसभा बोलावलेली नाही. देवस्की पंचांनी यात्रेचा मांडव कुठं घालायचा यासाठी सगळ्या गल्ल्यांना बोलावून विचारलं. ४२ एकर रान जाणार, त्यासाठी कुणी विचारलं नाही.

आता कायद्याचं. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ मधलं कलम १४-अ आम्ही एका ओळखीच्या वकिलांकडून समजून घेतलं. मास्टर प्लॅनमधल्या जमिनीचा वापर बदलायचा तर तो बदल सार्वजनिक हिताचा असला पाहिजे, दुसऱ्या कुठल्या कायद्याच्या आड येता कामा नये, त्या भागात खपणाऱ्या दैनिकात तो प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवल्या पाहिजेत, आणि सरकारची पूर्वमंजुरी घेतली पाहिजे. या प्रस्तावात सार्वजनिक हित काय दाखवलंय? ‘परिसरात झालेला निवासी विकास’. हा विकास म्हणजे रस्त्याच्या कडेला एनए न करता दोन-दोन, तीन-तीन गुंठ्यांनी विकलेले तुकडे आणि त्यावर उठलेली घरं. आधी बेकायदा घरं होऊ द्यायची, मग तीच दाखवून म्हणायचं की भाग आता निवासी झाला. या न्यायानं हिरवा पट्टा कधीच हिरवा राहणार नाही. आणि जे लेआऊट आधीच मंजूर झाले, त्यातले किती प्लॉट आज गवत उगवून रिकामे पडलेत, ते एकदा मोजा. आमच्या वरच्या रस्त्यालाच असे दोन लेआऊट आहेत. कमानी आहेत, विजेचे खांब आहेत, घरं हातावर मोजण्याइतकी.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण अर्जदाराकडून ती पुढं केली जाईल. ‘पर्यावरण मंजुरीची गरज नाही’ असं अर्जात म्हटलंय. टाऊनशिपला ती लागण्याची क्षेत्राची मर्यादा ५० हेक्टर आहे आणि हा लेआऊट सतराच हेक्टरांचा. असू दे. याचा अर्थ पाण्याचा, नाल्याचा, पुराचा विचार करणारं दुसरं कुणीही यात नाही, जे काय करायचं ते आपल्याच टेबलावर. जिल्हाधिकाऱ्यांकडे बिगरशेतीचा अर्ज जाईल तेव्हा तिथं विचारलं जाईल, नियोजन प्राधिकरणाचं काय म्हणणं आहे. रेराकडे नोंदणी होईल तेव्हा तिथं आपला मंजूर नकाशा जोडला जाईल. बँक कर्ज देईल ती तोच नकाशा बघून. आणि प्लॉट घेणारा माणूस, माझ्या पुतण्यासारखा, म्हणेल की सरकारनं पास केलंय म्हणजे बघूनच केलं असणार. त्याची फसवणूक झाली तर ती आपल्या शिक्क्यानं झालेली असेल. तो माणूसही या पत्रात माझ्या बाजूला उभा आहे, त्याला अजून माहीत नाही एवढंच.

ज्यांनी जमिनी विकल्या त्यांना मी बोल लावत नाही. एकाच्या घरात आजारपण होतं, एकाची पोरं शेताला हात लावत नाहीत, एकाला वरचेवर कुजणाऱ्या भातानं वीट आला. २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं निघाली आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायची वाट मोकळी झाली. त्यानंतर एजंट लोक संचकाराचे, म्हणजे विसाराचे, पैसे पिशवीतून घेऊन दारोदार फिरले. विकणाऱ्याला भाव हवा, घेणाऱ्याला नफा हवा, दोघांचंही समजू शकतं. आपण मात्र यात विकणारे नाही की घेणारे नाही.

तेव्हा मागण्या सांगते. अवघड एकही नाही.

१. हा विषय पुढच्या बैठकीत मंजुरीला घेऊ नका. तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांचा, दोन्ही होऊ देत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्ट अखेरपर्यंत कुठल्याही दिवशी अध्यक्षांसह सदस्यांनी आणि नगररचना विभागाच्या इंजिनीअरांनी जागेवर यावं. येण्याच्या आधी दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांना कळवावं, आणि पाहणीचा पंचनामा तिथंच लिहून वाचून दाखवावा.

२. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा शिवारात जागोजागी आहेत. त्या मोजून नकाशावर पूररेषा काढा. रेषेच्या आत प्लॉट नको, भराव नको, एसटीपी नको. ओढ्याची रुंदी मार्चची धरू नका. गावच्या पुलापासून बळ्ळारी नाल्यापर्यंत पाणी किती वाहून जाऊ शकतं, याचा हिशेब पाटबंधारे खात्याच्या इंजिनीअरांकडून लेखी घ्या. खर्च अर्जदाराकडून घ्या, पण माणूस अर्जदाराचा नको.

३. फाईलमधला नकाशा, टिपण आणि ना हरकत पत्रं गावच्या पंचायतीत कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत लावा. नक्कल मागणाऱ्याला सरकारी दरानं लगेच द्या.

४. नट्टी, म्हणजे भाताची रोपलावण, आटोपल्यावर गावातच, शाळेच्या पटांगणात किंवा देवळाच्या मंडपात, संध्याकाळी फेरसुनावणी घ्या. जो जे बोलेल ते त्याच्या शब्दांत लिहा आणि शेवटी वाचून दाखवा. मागच्या प्रोसिडिंगमधलं ते ‘विकासकामास विरोध’ वाक्य दुरुस्त करा आणि दिलेले फोटो जोडा. ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र ग्रामसभेत ठेवल्याशिवाय धरू नका.

५. प्रत्येक हरकतीला कारणासह लेखी उत्तर द्या. मान्य नसेल तर का मान्य नाही तेही लिहा. त्यात ४२ एकर भातजमीन निवासी करण्यात सार्वजनिक हित नेमकं कुणाचं, याचा एक तरी परिच्छेद असावा.

६. एवढं सगळं करूनही वरच्या बाजूची, पाणी न लागणारी काही एकर निवासी करण्याजोगी निघाली, तर त्यावर मी पुन्हा हरकत घेणार नाही. मात्र पाण्याची सोय, चालू एसटीपी आणि पुलाची दुरुस्ती झाल्याशिवाय एकही प्लॉट विकायला परवानगी देऊ नका. हमीपत्रावर भागवू नका, हमीपत्रानं पाणी अडत नाही.

या पत्राला पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आम्ही दोन्ही काठांचे शेतकरी सरकारच्या नगरविकास खात्याकडे याच मुद्द्यांवर अर्ज करू, आणि मंजुरी झालीच तर कोर्टात जाऊ. धमकी म्हणून लिहीत नाही. वकिलांनी सांगितलं, की आधी सांगितलेलं बरं.

पाहणीची तारीख दोन दिवस आधी कळवा. गमबूट घालून यावं, रान चिकट आहे आणि बुटात चिखल भरतो. ओढ्याला पाणी असेल त्या दिवशी गावाकडून गाडी येत नाही, वरच्या रस्त्यानं यावं लागेल.

आपली,
ओढ्याच्या खालच्या काठची एक खातेदार शेतकरी

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, मा. तहसीलदार, ग्रामपंचायतीचे अध्यक्ष, पीडीओ व सर्व सदस्य, देवस्की पंच कमिटी, लेआऊटचे अर्जदार